दुकानात 'पास' होणारी डिस्क ॲरेतून बाहेर का पडते?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती थोडक्यात अशी. डेबियन लिनक्सवर एमडीएडीएम या टूलने बांधलेला चार डिस्कचा रेड-५ ॲरे (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल असा जोडलेला संच), प्रत्येक डिस्क ४ टीबीची, साधी डेस्कटॉप प्रकारातली, चारही एकाच दिवशी घेतलेल्या. त्यावर स्टुडिओचं काम, म्हणजे लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ. तीन महिन्यांत तिसरी डिस्क दोनदा ॲरेतून बाहेर पडली. दोन्ही वेळा ती दुकानात नेली, कंपनीच्या टूलने 'पास' सांगितलं, परत लावली, रात्रभर रीबिल्ड झालं (बाकीच्या डिस्कवरून तिचा डेटा पुन्हा लिहिला गेला) आणि गाडी रुळावर आली. आता चारही डिस्क बदलाव्यात की रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी रचना) करावं, असं तुम्ही विचारताय.

दोन्हींपैकी काहीही करण्याआधी, आज रात्रीच, ॲरेवरच्या ज्या फाइल दुसरीकडे कुठेही नाहीत त्या एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. पुढची सगळी तपासणी केबल हलवण्याची, पोर्ट बदलण्याची आणि डिस्कवर ताण देण्याची आहे. रेड-५मध्ये एक डिस्क डळमळीत असताना दुसरीला हात लावायचा असेल तर बॅकअप हातात असलाच पाहिजे. ग्राहकांचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

तुमच्या वर्णनातली सर्वात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: डिस्क दुकानात चांगली निघते. ॲरेमध्ये डिस्क एकटी काम करत नाही. डिस्क, तिची डेटाची साटा केबल, पॉवरची तार, पोर्टमागचा कंट्रोलर आणि वर लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अशी ती साखळी आहे. त्यातली एकच कडी सोडवून तुम्ही दुकानात नेलीत. तिथे केबल वेगळी, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) वेगळा, कंट्रोलर वेगळा. 'पास' या शब्दाचा अर्थही फार मर्यादित आहे: स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, एकही घटक कंपनीने ठरवलेल्या उंबरठ्याखाली गेलेला नाही, एवढंच. हे उंबरठे इतके सैल असतात की शेकडो सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) बदलून झालेली डिस्कही पास होते. तेव्हा आपल्याला शोधायचं ते हे, की साखळीतल्या कोणी आधी हात टेकले. याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच मशीनच्या लॉगमध्ये पडलेलं असतं.

डिस्क बाहेर पडली त्या दिवसाचा कर्नल लॉग जर्नलसीटीएल या कमांडने काढा (जर्नल डिस्कवर साठवला जात नसेल तर ती सोय आजच चालू करा, नाहीतर रीबूटनंतर पुरावा पुसला जातो). 'डिस्क फेल्युअर ऑन एसडीसी१, डिसेबलिंग डिव्हाइस' ही ओळ शोधा आणि तिथून उलट वर वाचत जा. ही ओळ म्हणजे निकाल. कारण तिच्या आधीच्या एक-दोन मिनिटांत लिहिलेलं असतं. तिथे डिस्कचं नाव एसडीसी असं न येता एटीए३, एटीए४ असं येतं. कोणता एटीए क्रमांक कोणत्या डिस्कचा, हे सिस-ब्लॉक फोल्डरमधल्या लिंकचा पूर्ण मार्ग पाहिला की कळतं.

तिथे साधारण तीन प्रकारची भाषा दिसते. 'यूएनसी' किंवा 'मीडियम एरर' असेल, तर डिस्कने स्वतः कबूल केलं की हा सेक्टर मला वाचता येत नाही. 'बॅडसीआरसी' किंवा 'आयसीआरसी' असेल, तर डिस्क आणि कंट्रोलर यांच्या मधल्या रस्त्यावर डेटा बिघडला. तिथे संशय केबलवर, कनेक्टरवर, क्वचित कंट्रोलरवर. अशा वेळी 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस' अशी ओळही बऱ्याचदा सापडते, कारण ६ गिगाबिटवर निभावत नाही म्हणून कर्नल वेग कमी करून बघतं. तिसरा प्रकार म्हणजे 'फ्रोझन', मग 'टाइमआउट', मग 'हार्ड रीसेटिंग लिंक', आणि शेवटी डिस्क गायब. डेस्कटॉप डिस्कच्या ॲरेमध्ये हा तिसरा प्रकार सर्वात जास्त दिसतो आणि सर्वात जास्त गैरसमजही त्याचाच होतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

डेस्कटॉप डिस्क बनवणारा असं धरून चालतो की ही डिस्क संगणकात एकटीच असणार, डेटाची दुसरी प्रत नसणार. त्यामुळे एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते. हा प्रयत्न एक मिनिट, कधी दोन मिनिटंही चालतो आणि तेवढा वेळ ती दुसऱ्या कशालाच उत्तर देत नाही. इकडे लिनक्स कर्नल एका कमांडची डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघतं. ३० सेकंद झाले की कर्नल समजतं की डिस्क अडकली, आणि लिंक रीसेट करतं. डिस्क अजून त्या सेक्टरशी झगडतेच आहे, म्हणून रीसेटलाही उत्तर नाही. दोन-तीन प्रयत्नांनंतर कर्नल डिस्क सोडून देतं.

आता एमडीच्या, म्हणजे कर्नलमधल्या ॲरे सांभाळणाऱ्या भागाच्या, बाजूने पाहा. एमडीला वाचनाची चूक मिळाली तर ते डिस्क लगेच हाकलत नाही. उरलेल्या तीन डिस्कवरून तो डेटा पुन्हा तयार करतं आणि त्याच सेक्टरवर परत लिहितं. लिहिताना डिस्क एकतर तो सेक्टर सुधारते किंवा राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. लॉगमध्ये 'रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर्स' अशी ओळ येते आणि विषय संपतो. (८ याच्यासाठी की आजच्या डिस्कचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि कर्नल ५१२च्या हिशेबाने मोजतं.) पण डिस्क उत्तरच देत नसेल तर हे परत लिहिणंही फसतं. लिहिणं फसलं की एमडीकडे दुसरा मार्ग नसतो, ते डिस्क बाद करतं. म्हणजे एका सेक्टरच्या दुखण्यापायी ४ टीबीची डिस्क घराबाहेर. पुढच्या रीबिल्डमध्ये तिच्यावर सगळं नव्याने लिहिलं जातं, तो सेक्टर आपोआप बरा होतो आणि डिस्क चांगली दिसू लागते. दोन महिन्यांनी दुसरा सेक्टर कमजोर पडतो आणि हेच सगळं पुन्हा घडतं. तुमचं वर्णन या साच्यात बरंच बसतं.

यावरच्या सोयीचं नाव एससीटी ईआरसी. डिस्कला आधीच सांगून ठेवायचं की सात सेकंदांत वाचता आलं नाही तर नाही म्हणून मोकळी हो. नॅस (नेटवर्कवरच्या साठवणीसाठीच्या) आणि एंटरप्राइझ डिस्कमध्ये ही मर्यादा बहुतेक वेळा आधीच घातलेली असते. डेस्कटॉप डिस्कमध्ये ती बंद असते किंवा सोयच नसते. तुमच्या डिस्कला ती आहे का, हे स्मार्ट वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडने असं बघा: स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी /डेव्ह/एसडीसी. 'डिसेबल्ड' आलं तर सोय आहे पण बंद आहे. ती चालू करायला त्याच कमांडमध्ये एससीटीईआरसी,७०,७० लिहायचं. आकडे सेकंदाच्या दहाव्या भागात असतात, म्हणून ७० म्हणजे ७ सेकंद. पहिला आकडा वाचनाचा, दुसरा लेखनाचा. 'नॉट सपोर्टेड' आलं तर उलट बाजूने जायचं: डिस्कला घाई करता येत नाही, तर कर्नलला धीर धरायला लावायचं. सिस-ब्लॉक-एसडीसी-डिव्हाइस या मार्गावर टाइमआउट नावाची फाइल आहे, तिच्यात ३०च्या जागी १८० लिहा. डिस्क रुसली तर दोन-तीन मिनिटं सगळं गोठेल, स्टुडिओत कुणीतरी कुरकुर करेल, पण ॲरे टिकेल.

इथे हमखास होणारी चूक अशी, की ही कमांड एकदा चालवून माणूस निर्धास्त होतो. ईआरसीची मर्यादा बहुतेक डिस्कमध्ये वीज गेली की पुसली जाते आणि कर्नलचा टाइमआउट प्रत्येक बूटला पुन्हा ३० होतो. म्हणून हे बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये किंवा यूडेव्हच्या (डिस्क जोडली गेली की आपोआप चालणाऱ्या) नियमात घाला. प्रत्येक डिस्कसाठी आधी ७०,७० करून बघायचं, नकार आला तर टाइमआउट १८० करायचा, एवढाच तर्क. यूडेव्हचा नियम मी जास्त पसंत करतो, कारण मशीन चालू असताना डिस्क निसटून परत आली तरी तो तिलाही लागू होतो. बूट स्क्रिप्टला ते जमत नाही.

याला एक अपवाद आहे. एक डिस्क आधीच बाहेर आहे आणि उरलेल्यांपैकी एकीवर वाचता न येणारा सेक्टर आहे, अशा वेळी डेटा दुसरीकडून मिळण्याची सोय उरलेली नसते. तेव्हा डिस्कने हट्ट धरावा असंच आपल्याला हवं असतं. ईआरसी बंद करा (०,०), टाइमआउट १८० किंवा त्याहून मोठा ठेवा आणि मग डेटा काढा. एकट्या डिस्कवर किंवा रेड-०वर सात सेकंदांची मर्यादा घालू नये, तेही याच कारणाने.

आता स्मार्ट. स्मार्टसीटीएल -एक्सचा पूर्ण अहवाल चारही डिस्कचा काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकट्या डिस्कचा अहवाल फार बोलत नाही. एकाच दिवशी लावलेल्या चार डिस्कमध्ये एकीचाच आकडा वेगळा का, हा प्रश्न बोलतो. क्रमांक ५ म्हणजे बदलले गेलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेले, १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत सापडलेले, १८७ म्हणजे संगणकाला कळवलेल्या न सुधारलेल्या चुका. १९९ हा वाटेतल्या सीआरसी चुकांचा आकडा. तो केबलकडे बोट दाखवतो आणि तो कधीच शून्यावर येत नाही. म्हणून १९९ समोर ४३ दिसले तर घाबरायचं नाही, तारीख घालून वहीत लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात तो ४३च आहे का हे बघायचं. निव्वळ १९९ वाढतोय म्हणून डिस्क बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

सीगेटच्या डिस्कमध्ये क्रमांक १ आणि ७ यांच्यापुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात आणि लोक हादरतात. तो कच्चा आकडा दोन आकड्यांचा मिळून बनलेला असतो. खालच्या ३२ बिटांमध्ये एकूण किती वाचनं किंवा सीक (हेडच्या हालचाली) झाले ते, आणि वरच्या १६ बिटांमध्ये चुका. निरोगी डिस्कलाही तो मोठाच दिसतो.

मी आवर्जून बघतो तो क्रमांक १२, म्हणजे डिस्कला किती वेळा वीज मिळाली. चारही डिस्क एकाच दिवसापासून एकाच कॅबिनेटमध्ये असतील तर हा आकडा चौघींचा जवळपास सारखा हवा. तुम्ही दुकानात नेल्यामुळे तिसरीचा चार-पाचने जास्त असेल, ते ठीक. पण तो पंचवीस-तीसने पुढे असेल तर मशीन चालू असताना तिची वीज तुटते आहे. क्रमांक १९२, म्हणजे अचानक वीज गेल्याने हेड मागे घ्यावं लागल्याच्या वेळा, याला दुजोरा देतो. लॉगमध्ये डिस्क गायब होऊन लगेच एसडीएफ अशा नव्या नावाने परत आली असेल तरी संशय विजेवरच. इथे डिस्कही निर्दोष असते आणि डेटा केबलही.

पॉवरचा लूज कॉन्टॅक्ट आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये फार आढळतो. एसएमपीएसला साटाची दोनच टोकं, म्हणून मोलेक्स या जुन्या पॉवर कनेक्टरवरून वाय स्प्लिटर (एकाची दोन टोकं करणारी तार), त्यावर आणखी एक स्प्लिटर. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट, तेही एकाच बारीक तारेच्या आणि ढिल्या पिनांच्या स्प्लिटरवरून. व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि टोकाला असलेली डिस्क रीसेट होते. शक्य तर चार डिस्क एसएमपीएसच्या दोन वेगळ्या तारांवर वाटा. स्प्लिटर लागलाच तर ज्यात तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात तो नको. आतल्या तारा सरकून शॉर्ट होऊन असे कनेक्टर जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ज्याच्या मागून तारा पिनेत खोचलेल्या दिसतात आणि मागचं झाकण उघडतं, तो घ्या. कॅबिनेटला अर्थिंग मिळतं का आणि यूपीएसची बॅटरी खरंच भार पेलते का, हेही त्याच दिवशी बघून घ्या.

तरीही दोष कुठे ते कळलं नाही तर अदलाबदल करायची, पण एका वेळी एकाच गोष्टीची. कागदावर छोटा तक्ता करा: डिस्कचा सिरियल नंबर, पोर्ट, डेटा केबल, पॉवरची तार. एसडीसी, एसडीडी ही नावं तक्त्यात लिहू नका, ती रीबूटला बदलतात. मशीन बंद करून तिसऱ्या आणि पहिल्या डिस्कच्या डेटा केबल आपसात बदला, बाकी काही हलवू नका. पोर्ट बदलला तर ॲरे बिघडेल अशी भीती नको. एमडी डिस्क ओळखतं ती तिच्यावरच लिहिलेल्या सुपरब्लॉकवरून, म्हणजे ॲरेच्या ओळखपत्रावरून, पोर्टवरून नाही. मग ॲरेची पूर्ण तपासणी चालवा आणि १९९ कुणाचा वाढतो ते पाहा. पहिलीचा वाढला तर केबल. तिसरीचाच वाढत राहिला तर पोर्ट बदलून बघा. दोन डिस्क मदरबोर्डवर आणि दोन स्वस्त पीसीआय एक्स्प्रेस कार्डवर असतील आणि त्रास कार्डवरच्याच देत असतील, तर उत्तर तिथेच आहे. साटाची वीजबचत हेही एक छुपं कारण असतं. होस्टच्या लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसीमध्ये 'मॅक्स परफॉर्मन्स' लिहून आठवडाभर बघायला काहीच खर्च येत नाही.

तपासणी म्हणजे नेमकं काय, हे अनेकांकडून सुटतं. ॲरेच्या सिंक ॲक्शन फाइलमध्ये 'चेक' लिहिलं की एमडी चारही डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचतं आणि वाचता न आलेला सेक्टर पॅरिटीवरून (डेटा पुन्हा तयार करण्यासाठी ठेवलेल्या जादा माहितीवरून) तयार करून परत लिहितं. म्हणजे कमजोर सेक्टर सगळ्या डिस्क शाबूत असतानाच सापडतात आणि दुरुस्त होतात. डेबियन हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप चालवतं. पण स्टुडिओचं मशीन रात्री बंद करत असाल तर ती वेळ दर महिन्याला निघून जाते आणि वर्षानुवर्षं एकही तपासणी झालेली नसते. जुने फोटो कुणी उघडत नाही, त्यांच्याखालचे सेक्टर कुणी वाचत नाही, आणि ते खराब असल्याचं पहिल्यांदा कळतं ते रीबिल्डच्या मध्यावर. तुमच्या लॉगमध्ये शेवटचं 'डेटा चेक' कधी झालं ते शोधा. सापडलं नाही तर वेळ बदलून स्टुडिओ उघडा असतानाची करा, काम थोडं मंदावेल एवढंच. तपासणीनंतर मिसमॅच काउंटचा (डेटा आणि पॅरिटी न जुळलेल्या जागांचा) आकडा रेड-५वर शून्य हवा. शून्य नसेल तर लगेच 'रिपेअर' चालवू नका. रिपेअर डेटा बरोबर धरून पॅरिटी नव्याने लिहितं, आणि डेटाच चुकला असेल तर ती चूक कायमची होते. त्याआधी मेमटेस्टने रॅम तपासा. केबल आणि कंट्रोलर त्यानंतर.

डिस्क कधी बदलायची, याला सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही. मी वापरतो तो नियम सांगतो. प्रलंबित सेक्टर ८ किंवा १६ आहेत, तपासणीनंतर शून्य झाले, क्रमांक ५ हलला नाही: डिस्क राहू द्या, नोंद ठेवा. क्रमांक ५ एकदा वाढून महिनाभर तिथेच थांबला: राहू द्या, पण नवी डिस्क आणून ठेवा. दोन आठवड्यांच्या नोंदींमध्ये तो वाढतच चालला, किंवा पूर्ण स्मार्ट टेस्ट (४ टीबीला साधारण सात-आठ तास) वाचनाच्या चुकीवर थांबली आणि तपासणीनंतरही पुन्हा तशीच थांबली: बदला, वॉरंटी असो वा नसो. स्मार्ट स्वच्छ आहे म्हणजे डिस्क सुरक्षित, असं मात्र समजू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी मुख्य चार स्मार्ट घटकांपैकी एकातही काही दाखवलेलं नव्हतं. उलट पहिली स्कॅन एरर दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त होती. स्मार्टने धोका सांगितला तर ऐकायचं. तो गप्प असेल तर त्याला हमी समजायचं नाही.

बदलायची ठरली तर जुनी डिस्क आधी काढू नका. इथे फार मोठा फरक पडतो. नवी डिस्क पाचव्या पोर्टला लावा, तिला ॲरेत सुटी म्हणून जोडा आणि एमडीएडीएमला जुनीच्या जागी नवी भरायला सांगा: --रिप्लेस जुनी --विथ नवी. एमडी जुन्या डिस्कवरून थेट नवीवर उतरवतं आणि जिथे जुनी अडखळते तेवढेच सेक्टर बाकीच्या तिघींवरून घेतं. पूर्ण वेळ ॲरेचं संरक्षण टिकून राहतं. हीच जुनी डिस्क फेल करून काढली असती तर उरलेल्या तिघींना मिळून १२ टीबी एकही चूक न करता वाचून द्यावे लागले असते. डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात चुकीचं प्रमाण एकावर चौदा शून्ये इतक्या बिटांमागे एकाहून कमी असं लिहिलेलं असतं. ते १२.५ टीबी होतात. हा कंपनीने दिलेला कमाल आकडा आहे. चांगली डिस्क प्रत्यक्षात याहून बरीच बरी वागते, त्यामुळे 'रेड-५ रीबिल्ड होतच नाही' ही भीती अतिशयोक्त आहे. पण वर्षभर तपासणी न झालेल्या एकाच वयाच्या तीन डिस्कांवर हा जुगार खेळायची गरज काय?

नवी डिस्क घेताना ती एसएमआर नाही ना, हे मॉडेल नंबरवरून खात्री करून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लेखन चालू राहिलं की डिस्कची तात्पुरती जागा भरते आणि वेग कोसळतो. कधी ती इतका वेळ गप्प बसते की वरचीच टाइमआउटची गोष्ट घडते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं होतं की रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही नॅस डिस्क एसएमआर आहेत. त्यानंतर त्यांनी सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. डिस्क नवी म्हणून घेतली तरी ती खरंच नवी आहे का हेही बघा. २०२५च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट एक्सॉस डिस्क स्मार्टचे तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांचा खरा वापर पकडला गेला तो फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीवरून. स्मार्टसीटीएलच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ही नोंद -एल फार्म लिहून वाचता येते. बिल फुटायच्या आत दुकानातच लॅपटॉपला लावून ती पाहिलेली बरी.

तुमच्या ॲरेला बिटमॅप (कुठे कुठे बदल झाला याची नोंद) आहे का, हेही एमडीस्टॅट फाइलमध्ये पाहा. नसेल तर एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल एवढंच. मग केबलमुळे डिस्क निसटली तरी --री-ॲड केल्यावर मधल्या काळात बदललेला भागच लिहिला जातो, मिनिटांत काम होतं. तुम्ही दोन्ही वेळा जे रात्रभराचं रीबिल्ड केलंत ते कदाचित टाळता आलं असतं.

या सगळ्यात दुसरी डिस्कही गेली आणि ॲरे बंद पडला, तर एकच गोष्ट कटाक्षाने टाळा: एमडीएडीएम --क्रिएट. जुन्या लेखांमध्ये हा सल्ला सापडतो. डिस्कचा क्रम, चंक (डेटाच्या तुकड्याचा आकार) किंवा डेटाची सुरुवात यातलं एकही चुकलं तर सगळा डेटा कचरा होतो. आधी प्रत्येक डिस्कचं --एक्झामिन काढून जपून ठेवा. त्यात इव्हेंट्सचा आकडा असतो. जिचा आकडा खूप मागे आहे ती आधी गेलेली डिस्क, तिला बाजूला ठेवा. उरलेल्या तिघींचे आकडे जवळजवळ असतील तर त्यांच्यावरून --असेंबल --फोर्स बहुतेक वेळा काम करतं. मात्र त्यातली कोणी सेक्टर वाचताना अडखळत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या टूलने, मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन, तिची प्रत नव्या डिस्कवर घ्या आणि प्रतीवरूनच जोडणी करा.

रेड-६ बद्दल. चार डिस्कवर रेड-६ केलंत तर वापरायला ८ टीबी उरतील. आजचे १२ टीबी टिकवायचे तर पाचवी डिस्क लागेल. दुरुस्ती चालू असताना दुसरी चूक पचवण्याची ताकद त्यातून मिळते आणि ही ताकद मला मोलाची वाटते. पण तिसऱ्या डिस्कचं कारण न शोधता रेड-६ केलंत तर तीच सैल पिन नव्या ॲरेतूनही डिस्क पाडेल. त्यात रेड-५वरून रेड-६वर नेताना ॲरेची पूर्ण फेरमांडणी होते, आणि ती डळमळीत विजेवर करू नये. पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर पाचवी डिस्क आधी बॅकअपसाठी घ्या. चुकून पुसलेला अल्बम रेड-६ परत देत नाही.

तुमचा क्रम मी असा लावेन. आज बॅकअप आणि चारही डिस्कचे स्मार्ट आकडे वहीत. उद्या ईआरसी किंवा टाइमआउट, त्याचा यूडेव्ह नियम आणि बिटमॅप. रविवारी मशीन बंद करून पॉवरच्या तारा दोनात वाटा आणि तिसऱ्या डिस्कची केबल पहिलीशी बदला. मग 'चेक' सुरू करा, १२ टीबीच्या तुमच्या ॲरेला दिवसाचा मोठा भाग लागेल. ते संपल्यावर पुन्हा आकडे. एमडीएडीएमची मेल सूचनाही त्याच दिवशी --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट चालवून तपासा. मेल खरंच फोनवर आला पाहिजे.

डिस्क पुन्हा बाहेर पडली तर तिला हात लावण्याआधी मशीन चालू ठेवूनच तो लॉग जपून ठेवा, आणि 'डिसेबलिंग डिव्हाइस' या ओळीच्या वरच्या साठ ओळी, चौघींचे क्रमांक ५, १२, १८७, १९२, १९७, १९९ आणि तुमचा केबलचा तक्ता इथे लिहा. तेवढ्यावरून नक्की काय बदलायचं ते सांगता येईल.